रातव्याच्या पोथीची समाप्ती

रतनबाई आयुष्यात एकदाच मोठं खोटं बोलली आणि ते निस्तरता निस्तरता तिची काही वर्षं गेली. बोलली तेही कुणा परक्याशी नाही, सासूशी. ज्यांना सासू आहे किंवा होती, त्यांना यातली जोखीम वेगळी सांगायला नको.

साल पंच्याऐंशी-शहाऐंशीचं. बीडहून पालीच्या पुढं घाटाकडं निघालं की आडबाजूला करंजखोरी लागते. त्या साली बिंदुसरा धरणाच्या पोटात गुरं फिरत होती आणि कपिलधारला धबधब्याच्या जागी नुसता काळा कातळ उघडा पडला होता. मग सरकारनं करंजखोरीच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम काढलं. ज्यांची वीस एकर होती ते आणि ज्यांच्या नावावर उंबऱ्याबाहेर काही नव्हतं ते, सगळे एकाच रांगेत मुरमाची घमेली वाहू लागले. दुष्काळ एवढं एक बरं काम करतो.

त्या रांगेत सगळ्यात पुढं बायनाबाई, म्हणजे रतनबाईची सासू. साठी ओलांडलेली, अंगानं काटक, आणि जीभ अशी की भांडायला आलेला माणूस तिच्या दारातून गुपचूप पाणी पिऊन परत जायचा. तिचा मुलगा धोंडीराम, म्हणजे रतनबाईचा नवरा, इतका गरीब स्वभावाचा की तो घरात असला तरी आहे का म्हणून विचारावं लागे. घर चालायचं बायनाबाईच्या शब्दावर.

रतनबाई सातवीपर्यंत शिकलेली. माहेरी त्याचं कौतुक होतं, सासरी ते लपवायची वेळ आली. "शिकलेली सून केली अन् तवापसून माझं दूध उतू जाया लागलं," असं बायनाबाई चारचौघींत म्हणायची. खरं तर दूध एकदाच उतू गेलं होतं, रतनबाई पंचांग वाचत होती तेव्हा. पण सासूच्या दरबारात एकदाचं ते कायमचं धरतात. तेव्हापासून रतनबाई फडताळात अंथरलेलं जुनं वर्तमानपत्र भांडी काढता काढता उभ्यानं वाचून घ्यायची. तेवढ्यावर तिची भूक भागत नव्हती.

तलावाच्या कामावर हजेरी घ्यायला बद्रीनाथ नावाचा बीडचा कारकून होता. सकाळी हजेरी झाली की त्याला दिवसभर उद्योग नसे. तो लिंबाखाली आडवा व्हायचा, रंगीत चित्रांचं एक पातळ पुस्तक उघडायचा आणि थोड्याच वेळात तेच तोंडावर घेऊन घोरायला लागायचा. पुस्तकाचं नाव 'रातवा', रात्री उडणाऱ्या त्या तपकिरी पाखराचं. दर महिन्याला त्याचा एक अंक निघायचा. हा रातवा दिवसा वेधशाळेतला कारकून, जाड भिंगाचा चष्मा लावून पावसाचे आकडे मांडणारा आणि साहेबाच्या शिव्या खाणारा. अंधार पडला की मात्र तो तपकिरी पिसांचा झगा चढवायचा आणि देशासाठी हेरगिरीला निघायचा. काळोखात त्याला लख्ख दिसायचं, भिंतीपलीकडची कुजबुज ऐकू यायची, आणि उंच इमारतीवरून तो पानाचाही आवाज न करता खाली उतरायचा. 'खातं नऊ' नावाच्या गुप्त खात्याचा तो माणूस. समोर देशाची गुपितं पळवणारी काजळी टोळी.

एका दुपारी भाकरीच्या सुट्टीत रतनबाईनं ते पुस्तक बद्रीनाथच्या तोंडावरून अलगद उचललं. तो हलला नाही. ती ढिगाऱ्याच्या आड बसून वाचायला लागली आणि वाचता वाचता भाकरी हातात तशीच राहिली. रातवा आगगाडीच्या टपावर होता, पुढं बोगदा येत होता, आणि तेवढ्यात पानावर सावली पडली.

"काय वाचतीस गं?" बायनाबाईनं विचारलं.

रतनबाईनं भाकरी फडक्यात ठेवली. "पोथी," ती म्हणाली.

"कशाची पोथी?"

"रातव्याची हाय, आत्याबाई. नवी निघालीय."

बायनाबाईनं वाकून पाहिलं. पिसांचा झगा घातलेला माणूस हात पसरून उभा होता. "गरुडावानी दिसतंय," असं म्हणून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुनेसमोर मांडी घातली. "मग मनातल्या मनात काहून वाचतीस? पोथी का एकटीनं वाचायची असती? मोठ्यानं वाच. चालीत वाच."

आता माघार घ्यायची सोय नव्हती. रतनबाईनं घसा खाकरला आणि श्रावणात पोथी लावतात त्या चालीत 'रातव्यानं टपावर झोपून बोगदा चुकवला' हे गाऊन दाखवलं. आजूबाजूच्या बाया सरकत सरकत जवळ आल्या. थोड्या वेळानं बद्रीनाथला जाग आली, तेव्हा त्याचं हेरगिरीचं पुस्तक ओवीसारखं चाललेलं होतं आणि पन्नासभर बाया हात जोडून ऐकत होत्या. तो बिचारा पुन्हा डोळे मिटून पडला. आपल्याला ऊन लागलं असावं, असं त्याला वाटलं.

त्या दिवसापासून दुपारची सुट्टी रातव्याची झाली. बद्रीनाथ बीडच्या स्टँडवरून नवा अंक आणायचा आणि आणायचा विसरला तर त्याची धडगत नसायची. "बद्रीभाऊ, हजेरी मागून घ्या, आधी पोथी दाखवा," असं बाया त्याला वाटेतच अडवून म्हणायच्या. रातवा वेधशाळेत असतो हे तर सगळ्यांना फारच पटलं होतं. पाऊस कधी येणार हे ज्याला ठाऊक, त्याच्याशी ओळख असलेली बरी. जाईबाई बौद्ध वस्तीतली, ती पोथीपुढं हात जोडायची नाही, पण रतनबाई घाईत एखादा शब्द गाळून पुढं गेली तर तीच आधी टोकायची. "मागचं ऱ्हायलं, बाई. त्यो खिडकीतून आत कसा आला ते सांगितलं न्हाईस."

बाकी सगळ्यांना कळून चुकलं होतं की ही पोथी देवाची नाही. पण बायनाबाईसमोर ते बोलायची कुणाची छाती नव्हती.

पुढं जे झालं ते ज्येष्ठ सरत आला तेव्हा झालं. आभाळ कोरडं ठाक. तलावाची भिंत उभी राहिली होती आणि आत धूळ उडत होती. वाचन संपलं, आणि बायनाबाई उठून भिंतीवर गेली. सगळ्यांच्या समोर तिनं मूठभर माती हातात घेतली आणि नवस बोलली. "ह्या पावसात ह्यो तलाव भरू दे. ही पोथी पुरी वाचून समाप्ती घालीन, सगळ्या गावाला जेवू घालीन. तवर गूळ-साखर तोंडात घालणार न्हाई."

पोथी एकदा लावली की तिची समाप्ती करावी लागते, मधेच सोडलेली पोथी घराला चांगली नाही, हे करंजखोरीत लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि ही पोथी तर रतनबाईनंच लावली होती.

तलाव त्याच साली भरला. पाऊस कसा आला याची वर्णनं लिहिणारे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. आला, आणि सांडवा वाहिला. गावात गुळाच्या ढेपा फुटल्या. बायनाबाईनं बिनसाखरेचा चहा फुंकून प्यायला आणि सुनेला हाक मारली.

"रतने, आता किती अध्याय ऱ्हायले?"

रतनबाईनं ताज्या अंकाचं शेवटचं पान उघडलं. रातव्याला काजळी टोळीनं पाण्याखालच्या पिंजऱ्यात कोंडलं होतं आणि खाली छापलं होतं, 'पुढील अंकी'.

"थोडेच ऱ्हायल्यात, आत्याबाई," ती म्हणाली. हे दुसरं खोटं, पण ते पहिल्याचंच पिल्लू होतं.

रातवा पुढच्या अंकात पिंजऱ्यातून सुटला आणि दुसऱ्या संकटात सापडला. त्यातून सुटला, तिसऱ्यात गेला. दर अंकाच्या शेवटी तेच दोन शब्द. दसरा झाला की निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांकडं ऊस तोडायला जायचं, ते पाडव्याच्या सुमाराला परतायचं. मधल्या महिन्यांचे अंक रतनबाई जपून ठेवायची. परतलेल्या बाया हातापायांवरच्या उसाच्या पाचटाच्या चिरा दाखवायच्या आधी विचारायच्या, "काय झालं गं? सुटला का?" आणि गावात राहिलेल्या बायांनी आधी काही फोडायचं नाही, असा दंडक होता. एकदा गीताबाईनं पाणी भरताना, रातव्याच्या खात्यातली 'वीणा मेली न्हाई' एवढंच सांगून टाकलं, तर महिनाभर तिच्याशी कुणी बोललं नाही.

दरम्यान गावात आणखी एक गोष्ट घडली. तलावानं खालच्या विहिरींना पाणी दिलं, बांधावर गवत आलं, घरोघर एक-दोन म्हशी दिसायला लागल्या. पण दूध घालायचं कुठं? गावात पूर्वी एक दूध संस्था होती, ती बड्या मंडळींनी मिळून बुडवली होती. तेव्हा तलावावर ज्या बाया एका रांगेत होत्या त्यांनीच आपली संस्था काढली. 'सांडवा महिला सहकारी दूध उत्पादक संस्था'. चेअरमन कोण, यावर चर्चाही झाली नाही. जिच्या तोंडून इतके दिवस सगळं ऐकलं तिचंच नाव पुढं आलं. लपूनछपून वर्तमानपत्र वाचणारी रतनबाई आता टेबलामागं बसून शेरे मारायला लागली. संध्याकाळी दूध घालून झालं, कॅन गाडीत चढले, की संस्थेच्या ओट्यावर रातवा निघायचा. बायनाबाईची जागा सगळ्यात पुढं ठरलेली.

त्याच सुमाराला रातव्याच्या लेखकानं नवीन घोळ घालून ठेवला. खातं नऊमध्येच कुणीतरी घरभेदी आहे, तोच काजळी टोळीला बातम्या पुरवतो. कोण तो? खात्याचे बडेसाहेब, ज्यांचा चेहरा कायम पाइपच्या धुरात असायचा? नवी नवी यंत्रं बनवणारे डॉक्टर? बंदूक चालवणारी वीणा? का चहा आणून देणारा म्हातारा शिपाई? प्रत्येक अंकात संशय एकावरून दुसऱ्यावर जायचा. वर्ष गेलं, दुसरं गेलं, घरभेदी काही सापडेना.

आणि बायनाबाई खंगत चालली. तशी वयानं थकलीच होती, पण त्या सालच्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी सुया दिल्या, अंगात ताकद यायला गोड काहीतरी द्या म्हणाले. तिनं तोंड फिरवलं. शेजारच्या सरूबाईनं लापशी करून आणली, ती तशीच वाटीत वाळली. "नवस डोक्यावर घेऊन जाऊ का वर?" ती म्हणाली. "त्यो इचारंल, बायने, पाणी तर घेतलंस, समाप्ती कुठंय?"

रतनबाई त्या रात्री झोपली नाही. सकाळी ती सासूच्या अंथरुणापाशी बसली आणि जे इतकी वर्षं पोटात होतं ते बोलून टाकलं. "आत्याबाई, माझ्यावर रागवा. मारा हवं तर. ती पोथी न्हाई. चित्राचं पुस्तक हाय, पोरांचं. तुमी वरडताल म्हणून पोथी म्हणाले. तुमचा नवस लागूच न्हाई. गूळ खावा."

बायनाबाईनं मान वळवून सुनेकडं पाहिलं. मग म्हणाली, "मला काय कळत न्हाई व्हय? कोणच्या देवाला चष्मा असतो?"

रतनबाई आणखी जवळ सरकली.

"पयल्याच आठवड्यात कळलंतं. पण दोन येळच्या भाकरीला म्हाग झालेल्या बाया तासभर हसायच्या, रडायच्या, पुन्ना घमेलं उचलायच्या. ज्याच्यापुढं हात जोडून बसलं ती पोथी. कुणी लिव्हली त्याच्याशी काय करायचंय? आन् नवस पुस्तकानं बोलला न्हाई, म्या बोलला. फेडायचा तर मलाच." तिनं कूस बदलली. "तू चेअरमन हायेस ना? मग जा की त्या लिव्हणाऱ्याकडं. म्हणावं, समाप्ती दे."

असं म्हणून तिनं डोळे मिटले. रतनबाई रडली, तोंड धुतलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं बद्रीनाथला घेऊन औरंगाबादला निघाली. अंकाच्या मागं पत्ता छापलेला होता, तेवढ्यावर.

पत्ता एका छापखान्याच्या माडीचा निघाला. वर गेल्यावर त्यांना वाटलं होतं मोठं दफ्तर असेल, भिंतीवर रातव्याची चित्रं असतील. होतं एक लांबडं टेबल, शाईच्या बाटल्या, आणि त्यात बुडालेला एक वयस्कर, टकलू माणूस. नाव मोहनराव. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. रातवा लिहिणारा तोच, काढणारा तोच.

रतनबाईनं त्याला सगळं सांगितलं. तलाव, पोथी, नवस, गूळ, अंथरुणावरची सासू. मोहनराव कुंचला हातात धरून ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांचं तोंड उघडं पडलं होतं. आपलं पुस्तक कुणी चालीत म्हणतं, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"पण बाई, मी रातवा संपवू शकत नाही," ते शेवटी म्हणाले. "मालक म्हणतात, चाललंय तोवर ओढा. माझंही घर त्याच्यावर चालतं."

"रातवा संपवा कोण म्हणतंय?" रतनबाई म्हणाली. संस्थेच्या सभा चालवून तिला आता माणसाला वाटेवर आणायची सवय झाली होती. "रामायणात कांडं असत्यात की न्हाई? एक कांड संपतं, दुसरं सुरू व्हतं, राम कुठं संपतो? तसं करा. घरभेद्याला धरा आन् खाली लिहा, पहिलं कांड समाप्त. पुढच्या म्हैन्यात दुसरं लावा. मालकाचंबी भागंल आन् आमचंबी."

मोहनरावांनी कुंचला खाली ठेवला. खिडकीतून बाहेर पाहिलं, टकलावरून हात फिरवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुम्ही एवढ्या लांबून आलात, तुमच्यापाशी काय लपवू? घरभेदी कोण, ते मलाच माहीत नाही."

बद्रीनाथ तर खुर्चीतून उठलाच. "आँ? मग दोन वर्षं आमाला काय नादी लावलंत व्हय?"

"लावलं खरं. दर महिन्याला वाटायचं, पुढच्या वेळी सुचेल. चौघांवरही संशय घेऊन बसलो, आता कुणाला धरलं तरी पटत नाही. मी अडकलोय."

रतनबाई हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली. ज्या माणसाच्या हाती सगळ्या गावाचा जीव टांगलेला होता तो स्वतःच पाण्याखालच्या पिंजऱ्यात बसला होता. "मास्तर," ती म्हणाली, "मग आमी सांगतो की. आमच्याकडं सभा भरती."

आणि सभा भरली. रीतसर भरली, सांडवा महिला सहकारी दूध उत्पादक संस्थेची, विशेष सर्वसाधारण सभा. विषय एकच, घरभेदी कोण. पशुखाद्याच्या विषयाला जेवढ्या आल्या नव्हत्या तेवढ्या बाया आल्या. पुरुष मंडळी दाराशी उभी राहिली, त्यांना बोलायचा अधिकार नव्हता आणि ते त्यांना फार जड जात होतं.

गीताबाई म्हणाली, वीणा. "बंदूक तिच्याच हातात असती, आन् नेम दर बारी चुकतो." काहींना शिपाई वाटत होता. जाईबाईनं तिथंच उठून विचारलं, "गरीब दिसला की चोर त्योच का?" तेव्हा त्या बाजूच्या बायांनी माघार घेतली. मग जानकीबाई उठली. ही एरवी सभेत डुलक्या घेणारी बाई, पण त्या दिवशी तिनं पदर खोचला.

"आपल्या गावातली पयली संस्था बुडाली तवा चौकशी करा, चौकशी करा म्हणून टेबल कोण बडवत व्हतं?"

दाराशी उभ्या पुरुषांपैकी दोघे हळूच मागं सरकले.

"ज्यानं खाल्लं त्योच बडवत व्हता. आता सांगा, घरभेदी कोण, घरभेदी कोण म्हणून दर अंकात सगळ्यात आधी वरडतंय कोण?"

ओट्यावरच्या सगळ्या एकदम ओरडल्या, "बडेसाहेब!" असा गलका उठला की गोठ्यातल्या म्हशींनी दावी ताणली. हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही.

बायनाबाईला ओट्यासमोरच्या अंगणात बाजेवर आणून बसवलं होतं. तिनं काठी आपटली. "धरायचं तर धरा. पर मारू नका त्येला. समाप्तीला रगत नको."

तेही मंजूर झालं. ठराव असा लिहिला गेला: 'रातवा या मालिकेतील घरभेदी हे खुद्द बडेसाहेब असून त्यांस रक्त न सांडता पकडण्यात यावे, असे ही सभा सर्वानुमते ठरविते. सूचक जानकीबाई, अनुमोदक जाईबाई.' खाली संस्थेचा शिक्का. पुढं हिशेब तपासायला आलेल्या साहेबांच्या नजरेला तो पडला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला, आणि एवढंच विचारलं, "मग सापडले का बडेसाहेब?"

ठराव घेऊन रतनबाई पुन्हा औरंगाबादला गेली. मोहनरावांनी तो उभ्यानंच वाचला. आधी खो खो हसले. मग हसणं थांबलं, ते टेबलाशी बसले आणि जुने अंक भराभर चाळायला लागले. "अहो, बसतंय की," ते पुटपुटले. "इथं पिंजऱ्याची बातमी फक्त त्यांनाच होती. इथं रातव्याला त्यांनीच पाठवलं. मीच लिहिलंय आणि मलाच दिसलं नाही." रतनबाई निघाली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, कारण कागदावर पाइपचा धूर काढायला सुरुवात झाली होती.

पुढचा अंक आला, त्यात समाप्तीचं काही नव्हतं. तो आधीच छापून तयार होता. रतनबाईनं तो वाचला आणि सासूकडं बघायचं टाळलं. बायनाबाईचं जेवण आता चमच्यावर आलं होतं. त्यापुढचा अंक यायला उशीर झाला. बद्रीनाथ, ज्याची तलावावरची नोकरी कधीच संपली होती, रोज बीडच्या स्टँडवर चक्कर मारायचा. एका सकाळी दुधाची गाडी रिकामे कॅन परत घेऊन आली आणि कॅनच्या गर्दीतून तोच खाली उतरला, उतरता उतरता पडला, आणि पडलेल्या जागेवरूनच ओरडला, "आली! समाप्ती आली!"

रतनबाईनं शेवटचं पान तेवढं उघडून पाहिलं आणि अंक मिटला. आधी वाचायचा नाही, हा दंडक चेअरमनलाही होता.

जेवणाची तयारी गावानं केली. कुणी डाळ आणली, कुणी गव्हाचं पीठ, कुणाच्या घरून कढई. बायनाबाईनं बाजेवर बसून हुकूम सोडले आणि त्या दिवशी तिचा आवाज चारचौघींना पुरून उरेल असा होता. संस्थेच्या ओट्यावर चौरंग मांडला. त्यावर लाल खण, खणावर 'रातवा', वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मुखपृष्ठावर रातवा अंधाऱ्या शहरावर झेपावत होता, आणि त्याच्या पिसांवर कुंकू सांडलेलं फार शोभत होतं. पाली आणि आसपासच्या वाड्यांवरूनही माणसं आली. मागच्या ओळीत मोहनराव येऊन बसले होते. त्यांना बद्रीनाथनं आणलं होतं आणि ते कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, कारण लेखकाला पाहून लोक पोथी ऐकायची सोडतात.

रतनबाई पाटावर बसली आणि चाल लावली. पहिल्या दिवसासारखी लटपटत नाही, मोकळ्या गळ्यानं. रातवा अंधाऱ्या जिन्यानं बडेसाहेबांच्या खोलीशी पोचला. आत साहेब कुणाशी तरी बोलत होते, आणि भिंतीपलीकडून ते शब्द रातव्याला ऐकू येत होते. पाइपचा धूर विरला आणि पहिल्यांदाच साहेबांचा चेहरा दिसला. रातव्यानं पिस्तूल काढलं नाही. नुसता दिवा मालवला. अंधारात साहेब भिंतींवर आपटत राहिले, ज्याला अंधारात दिसतं तो शांत उभा राहिला, आणि शेवटी साहेब स्वतःच गुडघ्यांवर बसले. रक्ताचा थेंब सांडला नव्हता.

"म्या म्हणलं नव्हतं?" जानकीबाई ओरडली. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या पडल्या. जाईबाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. रतनबाईनं हात वर करून सगळ्यांना शांत केलं, कारण अजून एक ओळ उरली होती. ती जुन्या पोथ्यांच्या जाड अक्षरात काढली होती. तिनं वाचली, "इति रातवा-चरित्रे प्रथमं कांडं समाप्तम्."

नारळ फुटला. सरूबाईनं गुळाचा खडा पुढं केला आणि बायनाबाईनं तो तोंडात घेतला. डोळे मिटून तिनं तो हळूहळू विरघळू दिला. घाई नव्हती, नवस फिटला होता. मागच्या ओळीतल्या टकलू माणसानं रुमाल काढला आणि तोंडावर धरला.

समाप्ती झाली की पोथी वाचणाऱ्याच्या पाया पडायची रीत आहे. वाचणारा वयानं लहान असो की मोठा, त्या आसनावर बसला की सगळे त्याच्यासमोर वाकतात. बाया एकेक करून पुढं यायला लागल्या. रतनबाई संकोचून बसली होती, कुणाला अर्ध्यावरच धरत होती, हसत होती. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. काठी टेकत, कुणाचाही हात न धरता, बायनाबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

रतनबाईनं झटकन पाय पोटाशी घेतले. "आत्याबाई, आवं काय करताव! मला पाप लागंल."

"गप बस," बायनाबाई म्हणाली. "सून घरी. हितं तू वाचणारी हायेस. पाय पुढं कर."

आणि सगळ्या करंजखोरीदेखत तिनं काठी बाजूला ठेवली, दोन्ही हात जमिनीवर टेकले, आणि आपलं कपाळ सुनेच्या पायांवर ठेवलं.